देवमनची एक-तीन-पाच-सात

देवमन तायडे नावाचा माणूस स्वस्थ बसलेला मी पहिल्यांदा पाहिला तो ओळख झाल्यावर तीन वर्षांनी. तेव्हा मला वाटलं, याला काहीतरी झालं. मी त्याच्या कपाळाला हातही लावून पाहिला.

एरवी बसणं ही क्रिया त्याच्या अंगाला मानवतच नसे. अमरावतीच्या कॉटन मार्केटजवळच्या न्हाव्याकडे तो दाढीला बसला, की एक गाल झाल्यावर उठायचा आणि बाहेर आपली सायकल उभी आहे का ते पाहून यायचा. मधेच उठण्यापायी त्याच्या दोन कानांपुढचे केस कधी एका उंचीचे नसत. सिनेमा तो हप्त्यांनी पाही: आज पहिला तास, परवा दुसरा, आणि शेवट मधेच कुणी सांगून टाकला तर उरलेला माफ. स्वतःच्या लग्नात भन्तेजी पंचशील देत असताना हा जागेवरून उठला, मंडपातली बत्ती मंद झाली होती तिला चार पंप मारून आला आणि पुन्हा हात जोडून बसला. त्याची आई पार्बताबाई अकोल्याला राहायची. ती म्हणायची, "याले पोटातच दम नव्हता भाऊ. सातव्या महिन्यात निंघून आला. सुईणीले चप्पल घालाची सवड नाई देल्ली."

अशा माणसाला सरकारने नोकरी द्यावी ती कोणती? विहिरीच्या काठावर बसून पाणी किती उतरतं ते पाहत राहण्याची! आमचं खातं विहिरींची चाचणी घेणारं. इंजिन लावून विहीर उपसायची, पाणी किती खाली जातं ते मोजायचं, आणि ही विहीर गावाला पुरेल की नाही ते वर कळवायचं. देवमनने आकडा ओरडायचा आणि मी तो तक्त्यात भरायचा, अशी आमची जोडी होती. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात तो विहिरीला एवढ्या प्रदक्षिणा घाली की एखाद्या देवळाला घातल्या असत्या तर एव्हाना देव कंटाळून बाहेर आला असता.

पण हे काम त्याने मागून घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं.

देवमन अकोल्याकडचा. तिकडे खारं पाणी. विहीर खणा, पाणी लागेल, तोंडात घ्या आणि थुंकून टाका. गोडं पाणी असलंच तर ते दुसऱ्याच्या विहिरीत असायचं, आणि त्या दुसऱ्याच्या विहिरीला देवमनच्या माणसांनी हात लावायचा नसायचा. मॅट्रिक झाल्यावर, साठ साली, तो कुणाच्या तरी ओळखीने गुजरातेत खंबायतच्या बाजूला गेला. तिथे जमिनीतून जळणारा वायू काढायच्या विहिरी खणत होते. त्यांतल्या एका विहिरीच्या तोंडाशी दाबाचं घड्याळ बसवलेलं होतं. त्यावरचा आकडा दर तासाला वहीत लिहायचा, एवढंच याचं काम. वायूची विहीर म्हणजे ज्यात डोकावता येत नाही अशी विहीर. आत किती माल आहे, तो कुठून येतो, हे सगळं त्या एका काट्यावरून ओळखायचं.

तिथे एक मद्रासी साहेब होते. हा पोरगा आकडे लिहिता लिहिता घड्याळाभोवती घिरट्या घालतो हे पाहून त्यांनी त्याला एक दिवस धरून समजावलं. देवमनने ते मला अमरावतीला, चहाच्या हॉटेलात, बशीतला चहा सांडत समजावलं होतं.

"हे पाय, बाजारात वांग्याची पाटी घेऊन बाई बसली. गिऱ्हाईक कोठून येते? चहूकडून. थो एक प्रकार. आता तेच बाईले गल्लीच्या तोंडाशी बसव. दोनी बाजूनं भिंती. गिऱ्हाईक फक्त गल्लीतूनच येईन, एकामागं एक, सरळ रेघेत. जमिनीतला वायू असाच. कोठी चहूकडून येते, कोठी दगडातल्या अरुंद पट्टीतून सरळ येते. सरळ येत असन तर त्याची एक खूण हाय."

"कोणती?"

"एक, तीन, पाच, सात."

मला वाटलं, चहाचे कप मोजतोय.

"पहिल्या एका तासात दाब जेवढा उतरला, तेवढाच आणखी उतराले पुढं तीन तास लागते. मंग तेवढाच उतराले पाच. मंग सात. मंग नऊ. दूरचा माल चालत येते ना लेका, त्याले वेळ लागते. जोवर एक-तीन-पाच-सात चालू हाय, तोवर समजाचं गल्ली अजून संपली नाई. अन् ज्या दिवशी दाब यापरीस जास्त उतरला, त्या दिवशी समजाचं की गल्लीच्या टोकाले भिंत लागली. मंग थे धाडकन खाली."

त्याने तिथे एक विहीर पाहिली होती. पहिल्या दिवशी तिच्या तोंडावर ताडाएवढी ज्योत. पेढे वाटले, फोटो निघाले. साहेब मात्र काट्याकडे पाहत बसले होते. अकराव्या दिवशी ती ज्योत चुलीएवढी झाली. गल्ली आखूड निघाली. देवमनने तेव्हा पेढा खाल्ला होता. तो पेढा त्याला पुढे जन्मभर पचला नाही. लोक नाचताना दिसले की तो पाणी मोजायला धावे.

त्रेसष्ट साली तो गुजरात सोडून आमच्या खात्यात आला. आपला वऱ्हाडातला काळा दगडही फुटून त्याला सरळ भेगा पडलेल्या असतात. बऱ्याच विहिरींना पाणी येतं ते अशा एखाद्या भेगेतूनच. देवमनने वायूची विद्या पाण्याला लावली. मोजायला सरकारने पोलादी टेप दिली होती, पण हा सुतळी वापरी. हाताहातावर गाठ मारलेली सुतळी, टोकाला शिशाचा गोळा. "टेपेवरचे आकडे मले समजते," तो म्हणे, "गाठी समद्यायले समजते."

आता सहासष्ट सालची गोष्ट. चांदूर रेल्वेच्या अलीकडे बोरखेडी म्हणून गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला चाळीस घरांची बौद्ध वस्ती. या वस्तीने तीन उन्हाळे राबून स्वतःची विहीर खणली होती आणि तिला पाणी लागलं होतं. जिल्हा परिषद त्यावर इंजिन, टाकी आणि चार नळ द्यायला तयार होती. अट एकच, विहीर चाचणीत पास झाली पाहिजे. चाचणी कोण घेणार? आमचं खातं. आणि बोरखेडी ही देवमनची सासुरवाडी!

साहेबांना मी हे सांगायला हवं होतं. पण जवाई परीक्षक आणि सासू परीक्षार्थी असा योग सरकारी कारभारात वारंवार येत नाही. तो मला पाहायचा होता.

जयंती होऊन आठ दिवस झाले होते. वस्तीच्या तोंडाशी कमानीचे निळे कागद अजून फडफडत होते. सासू चतुराबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. हाडाने बारीक, आवाजाने रुंद. देवमनची बायको शालू चार दिवस आधीच माहेरी आली होती.

"जयभीम जवाईबापू. या, बसा."

"बसतो मामी," देवमन म्हणाला आणि विहिरीकडे निघून गेला.

चतुराबाईने पुढे केलेला तांब्या माझ्या हाती दिला. "तुमी त बसा भाऊ. आमच्या इथं बसाले काई कोणाले मनाई नाई."

जेवताना तिनेच मला जुनी गोष्ट सांगितली, चटणी वाढता वाढता, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची असावी. या विहिरीच्या आधी वस्तीतल्या बाया गावच्या विहिरीशी जाऊन उभ्या राहायच्या. हात लावायचा नाही. वरून कुणी ओतलं तर घागर भरायची. "माणिकबाई होती एक, भली बाई. तिले सवड असन थेव्हा वाढे. सवड नसन तर आमी उभ्या. शालू पोटात होती, आठवा महिना, अन् मी सकायपासून दुपारवरी उभी व्हती. माणिकबाईकडे पावणे आलते त्या दिवशी." मग तिने माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

देवमन तोवर तिसऱ्यांदा ताटावरून उठून विहिरीत डोकावून आला होता. त्याच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं. विहीर नापास झाली तर वाईट. पण खोटी पास झाली तर त्याहून वाईट. मोठं इंजिन बसायचं, वायूच्या त्या ज्योतीसारखं पाणी उसळायचं, आणि गल्ली आखूड निघाली तर ऐन वैशाखात विहीर कोरडी. मग ही बाई पुन्हा घागर घेऊन त्या जागी उभी. ती जागा देवमनला आवडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच विहिरीत वरवर साठलेलं पाणी काढून टाकलं आणि सकाळी सहाला खरी मोजणी सुरू झाली. इंजिनवर धर्मपाल नावाचा माणूस होता. त्याला इंजिनाशिवाय कुणाचंच ऐकू येत नसे. उपसलेलं पाणी विहिरीत परत मुरू नये म्हणून आम्ही दोनशे पावलांवरच्या नाल्यापर्यंत चारी काढली होती आणि चारीला चिकणमाती लिंपली होती. वस्ती जमली होती. सर्वांत पुढे नत्थुजी, वस्तीचे म्हातारे पुढारी. पांढरी टोपी, काखेत छत्री, आणि डोक्यात दहा घोड्यांचं इंजिन. गावातल्या एका बागायतदाराकडे दहा घोड्यांचं होतं. नत्थुजींना अकरा घोड्यांचं निघतं का याची चौकशी करायची होती, पण नाइलाजाने ते दहावर थांबले होते.

सात वाजता पाणी एक हात उतरलं. दहा वाजता दोन हात.

"एक, तीन," देवमन पुटपुटला.

बारा वाजता आमच्या छापील तक्त्यातले सहा तास भरले. पाणी अडीच हाताच्या आतच होतं. सरकारी नियमाने विहीर पास! नत्थुजींनी खिशातून गुळाचा खडा काढला. मी तक्त्याखाली रेघ मारायला घेतली. देवमनने माझा हात धरला.

"थांब. छत्तीस तास चालवाचं हाय."

"छत्तीस?" नत्थुजी म्हणाले. "जवाईबापू, परीक्षा सहा तासाची. पोट्टं पास झालं तरी तुमी त्याले शाळेत डांबून काहून ठेवून राहिले?"

"पोट्टं हुशार हाय का पाठांतरवालं हाय, थे पायतो."

"मंग तोवर गूळ खा."

"गूळ नाई खात मी," देवमन दचकून म्हणाला. मला पेढा आठवला.

दुपारी तीनला तीन हात. रात्री दहाला चार. एक, तीन, पाच, सात. चोख! तोवर अख्ख्या वस्तीला ते पाठ झालं होतं. बाया भाकरी थापताना एकमेकींना विचारत, "आता किती वो? नऊ का?" पुढचा आकडा नऊ तासांनी, म्हणजे सकाळी सातला. ज्या माणसाला न्हाव्याकडे दुसऱ्या गालापर्यंत दम निघत नाही, त्याच्यापुढे प्रत्येक वेळी आधीहून दोन तास जास्त वाट पाहायला लावणारं गणित ठेवणं, हे कोणत्या तरी खोडकर माणसाचंच काम. पाणी पाच हातावर गेलं पाहिजे. कमी नको, जास्त तर मुळीच नको.

सकाळी सातला त्याने सुतळी सोडली. वर ओढली. पुन्हा सोडली.

"किती?" मी विचारलं.

"चार हात दोन बोटं."

नत्थुजींना समजायला वेळ लागला नाही. नऊ तास इंजिन चाललं आणि पाणी दोनच बोटं उतरलं! "अरे ही विहीर नाई, समुद्र हाय!" त्यांनी छत्री उघडली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. कुणी डफडं आणलं. धर्मपाल इंजिन सोडून नाचायला लागला. गूळ खरोखरच वाटला गेला आणि मीही खाल्ला. मी खोटं बोलत नाही, मी त्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत "उत्तम" लिहून टाकलं.

देवमनचा चेहरा उतरला होता. तो विहिरीभोवती नुसता चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. "उतरून नाई राहिलं म्हणजे कोठून तरी येऊन राहिलं. गल्लीतून नाई. मंग कोठून?" त्याने बादलीभर पाणी काढलं, ओंजळीत धरलं, पिऊन पाहिलं. अकोल्याच्या माणसाची जीभ पाण्यावर पोसलेली नसते, पाण्याच्या शंकेवर पोसलेली असते. "गढूळ हाय," तो म्हणाला. "काल नव्हतं."

तो चारीच्या काठाने निघाला. मी मागे. साठ पावलं पाणी खळाळत होतं. एकसष्टाव्या पावलावर चारीत गोणपाट आणि चिखलाचा बांध, आणि पुढे नाल्यापर्यंत चारी कोरडी ठणठणीत. बांधापासून पाणी डावीकडे वळलं होतं. तिथे चतुराबाईची अर्धा एकर जमीन. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं घोटाभर पाण्यात उभं. तिच्या वाफ्यांतून पाट शेजारच्या वाफ्यांत, तिथून पलीकडच्या. अख्ख्या वस्तीचं भाजीपाल्याचं रान रात्रभर पाणी प्यायलं होतं. आणि त्या रानाखालचा दगड थेट विहिरीपर्यंत भेगाळलेला! म्हणजे इंजिन पाणी काढत होतं, बाया ते पाणी रानात सोडत होत्या, रान ते मुरवून पुन्हा विहिरीत ढकलत होतं, आणि आम्ही काठावर बसून समुद्र मोजत होतो.

वाफ्यात चतुराबाई फावडं घेऊन उभी होती. तिच्या मागे शालू, पदर खोचलेला, पाय चिखलात. नवऱ्याला पाहून शालूने हातातली कुदळ मागे लपवली. कुदळ लपण्यासारखी नव्हती.

देवमन साहेबांच्या अंगावर धावून जाणारा माणूस. पण समोर सासू. त्याने तोंड फावड्याकडे केलं आणि फावड्यालाच विचारलं, "हे काय करून ठेवलं?"

"जवाईबापू, माह्याशी बोला. त्या फावड्याले कान नाई."

"मामी, चारी काहून फोडली?"

"रात्री बाहीर आली. चांदण्यात पायते, तर पाणी नाल्यात चाल्लं. चांगलं पाणी, हातभर धार, अन् नाल्यात! मी उभी राहून पाहू? जल्मभर घागरीतलं सांडू नये म्हणून मान नाई हलवली मी. अन् हे नुसतं वाहू देऊ?"

"पण मोजणी चालू व्हती ना!"

"तुमाले मोजाले विहिरीतलं पाणी पायजे. मी त विहिरीबाहीरचं घेतलं. त्याच्यात तुमचं काय गेलं?"

देवमनने मग एक विलक्षण गोष्ट केली. तो बांधावर बसला. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला तो हाच प्रसंग.

बसून त्याने सासूला सगळं सांगितलं. गल्ली, गिऱ्हाईक, वायूची ज्योत, अकरा दिवस, पेढा. "गल्ली आखूड असन तर दहा घोड्यांचं इंजिन तिले आठ दिवसात चाटून खाईन. मंग वैशाखात तुमी पुन्हा तथी जाऊन उभ्या राहसान. मले थे पाहाचं नाई, मामी. म्हणून मले गल्लीचं टोक पायजे. टोक हाय का नाई, अन् किती दूर हाय."

तोवर नत्थुजी येऊन पोचले होते. "टोक बिक सोडा. सहा तास झाले, पास झाली. तुमी लिवा. रावसाहेब, तुमी लिवलं ना?"

मी म्हणालो, "उत्तम लिहिलंय." आणि मला लाज वाटली.

"पुन्हा मोजा लागते," देवमन म्हणाला. "दोन दिवस विहीर भरू द्याची, रान सुकू द्याचं, अन् पुन्हा पहिल्यापासून."

"अन् टोक निंघालं तर?" नत्थुजींनी छत्री मिटली. "हातचं इंजिन जाईन. तुमी जवाई का वैरी?"

सगळ्यांनी चतुराबाईकडे पाहिलं. तिने फावडं उचललं, गोणपाटाचा बांध स्वतःच फोडला आणि पाणी नाल्याकडे मोकळं केलं. "मोजा," ती म्हणाली. "चारीवर मी बसते. कोणी बोट लावलं तर हात तोडीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोजणी पुन्हा सुरू झाली. चतुराबाई चारीच्या वळणावर बसली, हातात काठी, पाठ पाण्याकडे. पाण्याकडे तोंड करून ते वाहताना पाहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. जेवण शालूने तिथेच नेऊन दिलं. इकडे देवमन उभा, तिकडे सासू बसलेली. एका घरातली दोन माणसं इतकी वेगवेगळ्या तऱ्हेने बेचैन असलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत. एक हात, दोन हात, तीन, चार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच हात, बरोबर गाठीवर. संध्याकाळी सहाला सहा. एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा. आता छत्तीस तास झाले होते. नत्थुजींचा चेहरा जरा खुलला. "संपलं?"

"आणखी तेरा," देवमन म्हणाला. धर्मपालने इंजिनातच तोंड घातलं.

तिसऱ्या सकाळी सातला सुतळी खाली गेली. सातव्या गाठीला पाणी लागायला हवं होतं. लागलं नाही. आठव्या गाठीला चार बोटं कमी असताना लागलं.

"टोक," देवमन म्हणाला. एवढंच.

तो चतुराबाईच्या ओट्यावर कागद घेऊन बसला आणि बारा वाजेपर्यंत उठला नाही. शालू दोनदा येऊन तो श्वास घेतो का ते पाहून गेली. गल्ली किती लांब, किती रुंद, पावसाळ्यानंतर तीत किती साठेल, वैशाखापर्यंत किती उरेल. शेवटी त्याने लिहिलं: इंजिन तीन घोड्यांचं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मधे विहिरीला भरू द्यावं. नळ दोन. घरटी इतक्या घागरी. होळीनंतर भाजीपाल्याला एक थेंब नाही.

नत्थुजींनी ते ऐकून टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तीन घोडे," ते म्हणाले. "तीन घोडे त टांग्याले लागत नाई अन् विहिरीले लागते म्हणे." पण त्यांनी अंगठा केला.

शेवटचं कलम ऐकून चतुराबाई उठून रानात गेली. तिचे वाफे हिरवेगार डुलत होते. त्या रात्रीचं पाणी त्यांना चांगलंच लागलं होतं. तिने चार वांगी तोडली, भाजी केली आणि आधी जवायाच्या ताटात वाढली. "खा. पुढच्या वैशाखात नाई भेटणार."

इंजिन बसलं, नळ आले. देवमनची बदली मेळघाटात, धारणीला झाली. तिथे जीपने जायचं आणि चिखल असेल तर जीपला घेऊन जायचं. पण त्याचा जीव बोरखेडीत अडकलेला. गणित कागदावर बरोबर होतं; दगडाने ते वाचलं असेल की नाही? चतुराबाईने त्याची सुतळी पाहून स्वतःची एक बनवली होती. दर आठवड्याला शालूच्या धाकट्या बहिणीकडून ती कार्ड लिहून घेई. त्यात ख्यालीखुशाली एक ओळ आणि पाणी एक ओळ. "पाणी सहाव्या गाठीवर." "पाणी सातवीच्या वर." देवमन ते कागदावर टिंबात मांडी. अमरावतीला आला की मला दाखवी. टिंबं त्याच्या रेघेवर मुकाट्याने चालत होती.

सदुसष्टच्या मे महिन्यात दोन आठवडे कार्ड आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात देवमन आमच्या कचेरीत उभा. धारणीहून रात्रीच निघाला होता, डोळे लाल, सदऱ्यावर जीपचा धुरळा. "चाल," तो म्हणाला. मी रजेचा अर्ज लिहीपर्यंत तो तीन वेळा जिना उतरून चढला. बसमध्ये तो उभाच होता. जागा होती, पण तो उभा होता.

बोरखेडीला उतरलो तर उन्हाने रस्ता पांढरा पडलेला. चतुराबाईच्या घराला कडी. वाफ्यांत काळी भेगाळलेली माती, सांभाराची वाळकी काडीसुद्धा नाही. देवमन धावत सुटला. विहिरीशी गर्दी होती. बाया, घागरी, लांबच लांब रांग.

"संपली," तो पुटपुटला. "लेका, संपली!"

पण संपलेल्या विहिरीशी रांग लागत नाही. जवळ गेलो तेव्हा कळलं. इंजिनाने पाणी चटकन उतरतं म्हणून ते आणि नळ बंद ठेवून दोर-बादलीने पाणी काढणं चाललं होतं. रांगेत अर्ध्याहून जास्त बाया वरच्या गावातल्या होत्या. गावची विहीर बागायतदाराच्या दहा घोड्यांनी अक्षयतृतीयेलाच तळाला नेली होती. रांगेच्या तोंडाशी एक म्हातारी, हातात पितळी घागर, विहिरीपासून दोन हात लांब उभी. पुढे यावं की नाही ते तिला कळत नव्हतं. वर काठावर चतुराबाई.

"लांब काहून उभी माणिकबाई? ये पुढं. इथं कोणी वरून वाढत नाई. आपापल्या हातानं घ्याचं."

देवमनने नमस्कारही केला नाही. "मामी! हे चाळीस घरांचं गणित होतं! ही गावातली किती घरं?"

"सत्तर असन."

"सत्तर! कार्ड काहून नाई टाकलं?"

"टाकलं असतं तर तुमी नाई म्हटलं असतं. म्हणून नाई टाकलं." तिने पदराने तोंड पुसलं. "रांगेत उभ्या असलेल्या बाईले मी काय सांगू जवाईबापू? एक-तीन-पाच-सात सांगू?"

देवमन विहिरीच्या काठावर पालथा पडला आणि खिशातून सुतळी काढली. गोळा खाली गेला. मी शेजारी उभा. नत्थुजी कुठूनसे आले आणि तेही उभे राहिले.

"आठव्या गाठीच्या खाली तीन बोटं," तो म्हणाला. उठला, कोपऱ्यात जाऊन भिंतीवर कोळशाने काहीतरी मांडलं, खोडलं, मांडलं. "घरटी एक घागर. वस्तीले एक, गावाले एक. जास्त नाई. मिरगापर्यंत पुरते. पुरते म्हणजे... पुरलं पायजे."

"एक घागर," चतुराबाईने रांगेला सांगितलं. कुणी कुरकुरलं नाही. ज्यांनी आयुष्यभर वाढलं होतं त्यांनासुद्धा एक घागर पुरली.

माणिकबाईने दोर हातात घेतला, पण तिच्या हातांत आता बादली ओढण्याचा जोर नव्हता. बादली अर्ध्यात अडली. देवमन एव्हाना पुन्हा विहिरीभोवती फिरायला लागला होता, ओठांत आकडे, हातात सुतळी, तिसरी प्रदक्षिणा.

"जवाईबापू," चतुराबाई ओरडली, "बसवत नाई ना तुमाले?"

"नाई मामी."

"मंग फिरता काहून? या इकडं अन् ओढा."

देवमनने सुतळी माझ्या हाती दिली, बाह्या वर केल्या आणि दोर धरला. माणिकबाईची घागर भरली. मग मागच्या बाईची. मग तिच्या मागच्या. मी तक्त्याशिवाय, सवयीने, मोजत राहिलो. एकशे दहा घरांच्या एकशे दहा घागरी भरेपर्यंत तो एकदाही विहिरीभोवती फिरला नाही.